नारळी पौर्णिमा : फायदा कुणाचा, श्रेय कुणाचे?

शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत 'विज्ञान : शाप की वरदान' हा विषय वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. 'धर्म : तारक की मारक' हा त्याचाच भाऊबंद. दोन्ही विषयांवरची भाषणे कुठे जाऊन थांबणार, हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. एक बाजू चार सण मोजून दाखवते, दुसरी चार दंगली मोजते आणि परीक्षक आवाजातल्या चढउताराला गुण देऊन मोकळे होतात. पुरावा कोणता, तो कसा तपासला, हे विचारायची वेळच येत नाही.

मोठ्यांच्या लेखनातही फारसे वेगळे घडत नाही. एकीकडे 'आपल्या सणांमागील शास्त्र' सांगणाऱ्या पुस्तिका असतात. त्यांच्या मते प्रत्येक रूढीमागे पूर्वजांनी एखादा वैज्ञानिक नियम दडवून ठेवलेला असतो. दुसरीकडे धर्माने माणसाचे कधीच काही भले केलेले नाही, असे ठामपणे मांडणारे लेखन असते. या दोन्ही मांडण्यांत आम्हांला एकच दोष दिसतो. तो नीट समजण्यासाठी एखादे ठसठशीत उदाहरण हाती घ्यावे लागेल. ते आम्ही उरणचे घेतो.

उरण तालुक्याच्या पश्चिमेला मुंबई बंदराचे पाणी, दक्षिणेला करंजा-धरमतरची खाडी. मोरा, करंजा येथे कोळ्यांची जुनी वस्ती आहे. श्रावणी पौर्णिमेला तेथे होड्या सजतात, मिरवणूक निघते, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ दर्याला अर्पण होतो आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याचा मुहूर्त धरला जातो. 'शास्त्र' सांगणाऱ्यांचे हे आवडते उदाहरण. त्यांचे म्हणणे असे : पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ. या काळात मासेमारी केली तर पुढच्या वर्षी मासळी उरणार नाही, हे पूर्वजांनी ओळखले होते. सामान्य माणसाला प्रजननशास्त्र कळणार नाही, म्हणून त्यांनी त्याला धर्माचे रूप दिले.

ऐकायला हे फार छान वाटते. पण हे एक अनुमान आहे, आणि अनुमान म्हटले की त्यातून काय काय निष्पन्न व्हायला हवे ते पाहून मगच त्यावर विश्वास ठेवायचा असतो.

पहिली तपासणी सोपी आहे. होड्या थांबण्याचे कारण धर्म असेल, तर धर्म बदलला की होड्यांचे वेळापत्रकही बदलायला हवे. उत्तन-वसईकडे ख्रिस्ती कोळी आहेत, रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मुसलमान मच्छीमार आहेत. ऐन पावसाळ्यात खोल दर्यात जाणे त्यांनीही पूर्वापार टाळलेलेच आहे. जून-जुलैत नैर्ऋत्येचे वारे जोरात असतात, लाटा उंच उठतात आणि शिडाच्या होडीला परत बंदराला लागणे कठीण होते. होडी थांबवणारा हा वारा धर्म पाहत नाही.

दुसरी तपासणी अधिक बोलकी आहे. विणीच्या माशांना अभय हाच रूढीचा हेतू असता, तर ते अभय खाडीला आणि ओढ्यांना सर्वांत आधी मिळायला हवे होते. कोळंबी आणि कितीतरी माशांची पिल्ले कांदळवनांच्या मुळांत, खाडीच्या उथळ पाण्यातच वाढतात. प्रत्यक्षात पावसाळ्यात दर्या बंद झाला की खाडीत पाग टाकणे, चिंबोऱ्या आणि निवट्या पकडणे चालूच असते. शिवाय वलगण आहेच! पहिल्या जोरदार पावसात मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून उलटे वर चढतात, भातखाचरांत शिरतात आणि रायगड जिल्ह्यातली आबालवृद्ध मंडळी रात्री बत्त्या घेऊन त्यांना पकडायला धावतात. हे मासे गाबोळीने भरलेले असतात, म्हणून तर त्यांची चव वाखाणली जाते. विणीच्या माशाला हात लावू नये असा धर्मनियम असता, तर वलगणीचे मासे घराघरांत शिजले नसते.

याचा अर्थ दर्या बंद राहिल्याने मासळीचा फायदा झाला नाही, असा मात्र नाही. दोन-अडीच महिने जाळी पाण्याबाहेर राहिली, तर त्या काळात विणाऱ्या जातींना उसंत मिळणारच. पण हा फायदा हेतूवाचून झालेला आहे. परिणाम दिसला की त्यामागे हेतू होताच, असे धरून चालणे ही विज्ञान शिकवणाऱ्याने वर्गात रोज खोडून काढायची चूक आहे. जिराफाने पाने खाता यावीत म्हणून मान लांब केली, असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले तर आपण खाली लाल रेघ ओढतो. सणांच्या बाबतीत तीच रेघ ओढताना आपला हात का अडखळतो?

येथवर वाचून दुसऱ्या बाजूचे वाचक खूश झाले असतील. 'म्हणजे सगळे काम वाऱ्याने केले; धर्माचा वाटा शून्य!' पण हेही तपासून पाहिले पाहिजे.

वारा दर्या बंद करतो, पण तो उघडण्याचा दिवस वारा नेमकेपणाने सांगत नाही. जुलै सरता सरता पावसाला खंड पडू लागतो. चार दिवस दर्या शांत होतो आणि पुन्हा एखादे कमी दाबाचे क्षेत्र येऊन उसळतो. घरातले धान्य आणि पैसे सरत आलेले असतात. अशा वेळी एकाने होडी काढली, तर हंगामातली पहिली मासळी आणि तिचा चढा भाव त्याला मिळणार. मग दुसऱ्याला थांबवणार कोण? दुसरा निघाला की तिसऱ्याला थांबणे परवडत नाही. प्रत्येकाने एकट्याने शहाणपणाने विचार केला, तरी सगळे मिळून अवेळी दर्यात, अशी ही अवस्था आहे. येथे सर्वांना मान्य असलेला एक दिवस लागतो. तो दिवस पौर्णिमेचा असला की त्याला ना वर्तमानपत्र लागते ना दवंडी. चंद्र सर्वांनाच दिसतो. 'नारळाआधी दर्यात गेलास तर दर्या कोपेल' हे वाक्य हवामानशास्त्र म्हणून चुकीचे असले, तरी शेजाऱ्यावरचा अविश्वास दूर करायला ते पुरेसे होते. धर्माचा वाटा आहे तो या एवढ्या जागेत. तो लहान आहे, पण शून्य नाही.

इतका लहान वाटा मोजता येतो का? जगात निदान एका ठिकाणी तसा प्रयत्न झालेला आहे, आणि तो आमच्या मते दोन्ही बाजूंच्या लोकांनी मुळातून समजून घेण्यासारखा आहे. इंडोनेशियातील बाली बेटावर डोंगरउतारांवर भाताची खाचरे आहेत. एका पाटावरच्या शेतकऱ्यांचा एक गट असतो, त्याला सुबाक म्हणतात. हे सुबाक जलमंदिरांच्या साखळीशी जोडलेले असतात. कोणी केव्हा लावणी करायची, केव्हा शेत पडीक ठेवायचे, पाणी कोणाला केव्हा सोडायचे, हे या मंदिरांतल्या पूजा आणि सभांमधून ठरते. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या काळात सरकारने नव्या वाणांचा आग्रह धरला आणि प्रत्येकाने जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा लावणी करावी, असे सांगितले. मंदिरांचे वेळापत्रक मागे पडले. काही वर्षांतच पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि तपकिरी तुडतुडे व विषाणुरोग यांनी पिके खाल्ली.

मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसर्गवैज्ञानिक जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांच्या खोऱ्यांतील १७२ सुबाकांचे संगणकावर प्रारूप तयार केले. ते १९९३ साली प्रसिद्ध झाले. त्यातून दिसले ते असे : प्रत्येकाने आपापल्या मर्जीने लावणी केली, तर शेजारच्या हिरव्या शेतात किडीला सतत अन्न मिळत राहते. सगळ्या खोऱ्याने एकदम लावणी केली, तर कीड उपाशी मरते, पण सर्वांना एकाच वेळी पाणी लागते आणि ते पुरत नाही. या दोन टोकांमध्ये कोठेतरी उत्तम जागा असते. प्रारूपात सर्वांत चांगले उत्पन्न देणारी जागा आणि जलमंदिरांच्या साखळीने प्रत्यक्षात घातलेले गट यांत बरेच साम्य निघाले. वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी का सोडतो, हेही त्यातून उलगडले. खालच्याने लावणी अवेळी केली, तर त्याची कीड वर येते!

धर्माचा फायदा याहून नीट दाखवलेला आम्हांला तरी माहीत नाही. पण श्रद्धावानांनी लगेच पेढे वाटू नयेत. तपासणीचा एक प्रश्न शिल्लक आहे : फायदा झाला, तो कशाच्या तुलनेत? धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत काही शतके चालत आली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने आणायचे, जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाणी वाटायचे आणि जागल्याने पिकांवर लक्ष ठेवायचे. काम बालीसारखेच, एकमेकांशी जुळवून घेण्याचे. पण येथे वेळापत्रक मंदिराच्या हाती नव्हते, लाभधारकांच्या पंचायतीच्या हाती होते. म्हणजे हे काम धर्म करू शकतो, पण धर्मच ते करू शकतो असे नव्हे. बालीत ते मंदिराने केले, कृषिखात्याने बिघडवले. पांझरेवर ते मंदिरावाचूनही झाले.

आता नारळाची दुसरी बाजू. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, सातारा जिल्ह्यातील मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे ३०० माणसे मृत्युमुखी पडली. देवळाकडे जाणारी वाट अरुंद, गर्दी लाखांची आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या. माणसे घसरली, त्यांच्यावर मागची कोसळली आणि पुढे दुकानांना आग लागली. चौकशीसाठी न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला.

या घटनेबद्दल श्रद्धावान माणसाला विचारा. तो म्हणेल, 'यात धर्माचा काय दोष? व्यवस्था नीट नव्हती.' आणि नारळी पौर्णिमेबद्दल विचारा. तो म्हणेल, 'बघा, धर्माने मासळी वाचवली!' धर्मविरोधकाला विचारा. मांढरदेव म्हणजे त्याच्या दृष्टीने धर्माने घेतलेले बळी; आणि नारळी पौर्णिमेचा फायदा? 'छे, तो वाऱ्याचा आणि अर्थशास्त्राचा.' सुरुवातीला ज्या एका दोषाचा उल्लेख केला, तो हाच. फायदा आणि तोटा यांचे श्रेय वाटताना दोघेही दोन वेगवेगळी मापे वापरतात. प्रयोगशाळेत एखाद्या संशोधकाने हवे ते मोजमाप औषधाच्या नावावर आणि नको ते योगायोगाच्या नावावर टाकले, तर त्याचा निबंध कोणी छापणार नाही.

एकच माप लावायचे ठरवले तर काय दिसते? लाखो माणसे एका दिवशी, एका ठिकाणी, एकच कृती करायला जमतात, ही धर्माची ताकद आहे. मोऱ्याच्या किनाऱ्यावर याच ताकदीने अवेळी निघणारी होडी थांबवली. मांढरदेवला अरुंद पायऱ्यांवर तिनेच लाखोंना एकाच पौर्णिमेला आणून उभे केले. व्यवस्था चुकली हे खरेच. पण 'याच दिवशी, याच पायरीवर' हा आग्रह व्यवस्थेने निर्माण केलेला नव्हता. पहिल्याचे श्रेय धर्माला द्यायचे असेल, तर दुसऱ्यातला वाटाही त्याच्याच नावावर लिहावा लागेल.

देवरायांबाबतही हेच माप लावून पाहावे. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असताना देवाच्या भीतीने राखलेल्या या तुकड्यांत जुने वृक्ष, प्रचंड वेली आणि बारमाही झरे टिकून राहिले होते. श्रीवर्धन तालुक्यातील एका गावच्या लोकांनी आपल्या देवराईची तोड थांबवण्यासाठी खटपट केली, तेव्हा ही राई तुटली तर आपला झरा आटेल, हे त्यांनी पुढे केलेले कारण होते. म्हणजे देवीची भीती आणि पाण्याची जाण त्यांच्या मनात शेजारीशेजारी नांदत होती. परंतु याच राया अनेक ठिकाणी देवीला सिमेंटचे देऊळ बांधून देण्यासाठी विकल्या गेल्या. देवीवरची श्रद्धा तसूभरही घटली नव्हती. उलट ती वाढली म्हणून तर झाडे गेली! राई हेच देवीचे घर, या समजुतीच्या जागी देऊळ हे तिचे घर, अशी समजूत आली, इतकाच काय तो फरक.

या उदाहरणाने एक गोष्ट ध्यानात येते. रूढीचा फायदा होत असला, तरी तो नेमका कशामुळे होतो हे रूढी पाळणाऱ्यांना सांगितलेले नसते. म्हणून परिस्थिती बदलली की फायदा निसटतो आणि रूढी तशीच चालू राहते. उरणच्या किनाऱ्यावर हेच घडले. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिने आली, पुढे ट्रॉलर आले, आणि वाऱ्याचा धाक कमी झाला. नारळ पूर्वीइतक्याच भक्तिभावाने अर्पण होत राहिला, पण मासळीला उसंत देण्यासाठी १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा करावा लागला. त्याखालच्या पावसाळी बंदीची अखेर ठरवताना काही वर्षे '१५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल ते' अशी तरतूद होती. कायद्याने पंचांगाचा हात धरलेला पाहून आम्हांला तरी मौज वाटते. गेली काही वर्षे यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते.

पंचांगाचा हात सुटला, याला कारण आहे. बारा चांद्रमासांचे मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सौरवर्षापेक्षा ११ कमी. ही तूट अधिक मासाने भरून निघते, पण तोवर तिथी मागेपुढे सरकत राहते. २०२० साली श्रावणी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे ती ३० ऑगस्टला गेली. तिथीत जवळजवळ महिन्याचा फरक पडला, पण वारा आणि मासे पंचांग पाहून वागत नाहीत. आज अनेक नौका १ ऑगस्टलाच निघतात, पूजा मागाहून होते. काही जण मात्र पौर्णिमेपर्यंत थांबतात. बंदी आणखी लांबवावी, ही मागणी खुद्द पारंपरिक मच्छीमारांमधूनच होत आली आहे, आणि त्यांचे कारण धार्मिक नसून मासळीचे आहे.

विरोधकांच्या बाजूने एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य केला पाहिजे. आपले चुकले हे ओळखण्याची सोय धर्मात फार तोकडी आहे, आणि बाहेरच्याने चूक दाखवली तर त्याची किंमत मोजावी लागते. प्लास्टरच्या मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाहीत आणि रंगांतील विषारी द्रव्ये पाण्यात जातात, म्हणून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी मूर्तिदानाची मोहीम चालवली, तेव्हा त्यांना धर्मद्रोही म्हटले गेले. आज नगरपालिका स्वतःच कृत्रिम हौद बांधतात आणि भाविक त्यांत विसर्जन करतात. रूढी बदलली, पण बाहेरून धक्का बसल्यावर. हा धक्का देणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. धर्माच्या हिशेबात ही बाजू धरली नाही, तर तो हिशेब खोटा ठरेल.

उरणच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. येथील खाडीचे जे नुकसान झाले, त्यातले मोठे नुकसान ना श्रद्धेने झाले ना अश्रद्धेने. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले, पुढे भराव होत गेले, कांदळवने तुटली, भरतीच्या पाण्याच्या वाटा अडल्या. पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश बंदर, सिडको आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळ यांना दिला. नारळाने कोळ्याला कोळ्याशी बांधून ठेवले होते. जो त्या मिरवणुकीत कधी आलाच नाही, त्याला तो बांधू शकत नव्हता. तेथे नकाशे, मोजण्या आणि कायदा हेच उपयोगी पडले.

तेव्हा वर्गात 'तारक की मारक' हा विषय आलाच, तर भाषणे लिहून घेण्याऐवजी मुलांना एक काम द्यावे. घरच्या आजी-आजोबांना विचारायचे : तुमच्या लहानपणी पहिली होडी कोणत्या दिवशी निघायची, इंजिन आल्यावर त्यात काय फरक पडला, नारळाआधी कोणी गेलेच तर गाव काय करायचे? शेवटच्या प्रश्नाची उत्तरे जपून उतरवून घ्यावीत. शिक्षा दर्या करायचा की पंच, हे त्यांतूनच कळेल. आणि मोऱ्याच्या मुलांनी आणलेली उत्तरे करंज्याच्या मुलांच्या उत्तरांशी जुळतीलच, असे गृहीत धरू नये.